वीस बाइटची फाइल

पहाटे दोनच्या सुमाराला तुमचा फोन गुपचूप एक काम करत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पांची प्रत काढून ठेवत असतो. सकाळी सेटिंगमध्ये गेलात, तर शेवटचा बॅकअप आज झाल्याचं दिसतं आणि आपण निश्चिंत होतो. पण ती प्रत परत उघडून पाहिलीय कुणी?

मीही पाहिली नव्हती. माझी गोष्ट फोनवरच्या गप्पांची नाही, एका वाचनालयाची आहे. आणि ती सांगताना थोडा इतिहासही सांगावा लागेल, कारण माझी चूक माझ्या एकट्याची असली, तरी ती माझ्या आधी पुष्कळांनी करून ठेवली होती.

तीस रात्री, तीस फाइली

मी ज्या तालुक्याच्या गावात वाढलो, तिथलं सार्वजनिक वाचनालय हे माझं दुसरं घर. २००८ साली पुण्यात नोकरीला लागल्यावर वाटलं, आपण वाचनालयासाठी काहीतरी करावं. ग्रंथपाल काकांना म्हटलं, "काका, सगळी पुस्तकं संगणकावर घेऊ या." काका म्हणाले, "घे की. पण माझी दाखल नोंदवही बंद करायची नाही, आधीच सांगतो." मला मनातून हसू आलं होतं.

फुकट मिळतं म्हणून मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर घेतला, त्यावर एक साधा प्रोग्रॅम लिहिला. काकांनी आणि देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंनी दोन वर्षं बसून जुनी पुस्तकं चढवली. त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. यूपीएस टूं-टूं करायला लागला, की ताई हातातली नोंद संपवायला धावायच्या.

बॅकअपची सोयही मी केली होती. रोज रात्री अकरा वाजता एक स्क्रिप्ट चालायची. मायएसक्यूएलडम्प नावाचं साधन सगळा डेटाबेस मजकुराच्या रूपात ओतायचं, जीझिप तो दाबून लहान करायचं आणि फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर जाऊन बसायची. डिस्क भरू नये म्हणून तीस दिवसांपेक्षा जुन्या फाइली स्क्रिप्ट स्वतःच पुसायची. मला या स्क्रिप्टचा फार अभिमान होता.

ऑगस्ट २०१६ मध्ये तो संगणक सुरूच होईना. आतली डिस्क गेली होती. मी फोनवर काकांना म्हटलं, "काळजी करू नका, बॅकअप आहे." शनिवारी गावी गेलो, बाहेरची डिस्क लॅपटॉपला जोडली. तीस फाइली ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर बरोबर तारीख. मग आकाराच्या रकान्याकडे लक्ष गेलं. पहिली फाइल २० बाइट. दुसरी २० बाइट. तिसावी २० बाइट.

झालं असं होतं. २०१४ च्या मार्चमध्ये मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरलो होतो. त्या रात्रीपासून डम्पला दारातच अडवलं जात होतं. त्याने जीझिपच्या हातात काहीच ठेवलं नाही आणि जीझिपने ते 'काहीच नाही' इमानेइतबारे दाबून फाइल बनवली. रिकामा मजकूर दाबला, तरी वेष्टनाचे २० बाइट उरतातच. अशी दोन साधनं एकापुढे एक जोडली, की काम फत्ते झालं का, याचं उत्तर साखळीतलं शेवटचं साधन देतं. शेवटी होता जीझिप, आणि त्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित होतं. चुकीची ओळ मेलने पाठवायची सोय असते, पण त्या संगणकावर मेल जायची व्यवस्थाच मी केली नव्हती.

आणि तीस दिवसांनंतर जुन्या फाइली पुसायचं काम मात्र एकही रात्र चुकलं नव्हतं. ज्या चांगल्या प्रती होत्या, त्या माझ्याच स्क्रिप्टने एकेक करून नष्ट केल्या होत्या.

शेवटची धड प्रत माझ्या जुन्या लॅपटॉपवर निघाली, जानेवारी २०१४ ची. एकतीस महिने गेले होते. काका काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांनी दाखल नोंदवही काढली आणि टेबलावर ठेवली. पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, दाखल क्रमांक, सगळं त्यांच्या तिरप्या अक्षरात. पुस्तकांच्या नोंदी आम्ही त्यातून पुन्हा चढवल्या. पण कोणतं पुस्तक कुणाकडे गेलंय, हे फक्त संगणकात होतं. दारावर तशी पाटी लावली. पुढचे कितीतरी महिने लोक येत राहिले, "आमच्याकडे तुमची दोन आहेत हो," म्हणत. काही पुस्तकं कधीच आली नाहीत.

त्यानंतर मी बॅकअपचा इतिहास वाचायला लागलो. आधी अपराधीपणाने, नंतर गोडी लागून.

कीर्द आणि खतावणी

डेटाबेसची प्रत काढणं अवघड का असतं, हे समजायला पॅनोरमा फोटो आठवा. फोन हळूहळू फिरवताना मधेच मांजर चाललं, तर फोटोत त्याला सहा पाय येतात. चालू डेटाबेसच्या फाइली सरळ कॉपी केल्या, तर तेच होतं. पहिली फाइल अकरा वाजताची, शेवटची सव्वाअकराची. मधल्या पंधरा मिनिटांत एकाने पुस्तक परत केलं असेल, तर एका फाइलीत ते त्याच्या घरी असतं आणि दुसरीत कपाटात. म्हणजे सहा पायांचं मांजर.

यावरचा उपाय प्रत काढणाऱ्यांनी शोधला नाही. तो वीज गेली तर काय, या प्रश्नातून निघाला. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प चालू होता. जिम ग्रे हा तिथला एक संशोधक. व्यवहार एकतर पुरता व्हावा किंवा मुळीच होऊ नये, अर्धवट राहू नये, हा विचार नीट बांधून काढण्यात त्याचा मोठा वाटा. त्यासाठी वापरलेली युक्ती आपल्या जुन्या दुकानदारांना लगेच कळली असती. आधी कीर्द लिहायची, मग खतावणी.

कीर्दीत दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार, नीटनेटके लागतात. खतावणी जळाली किंवा अर्धवट राहिली, तरी कीर्दीवरून ती पुन्हा बांधता येते. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे कागद आजही आहेत, आणि अभ्यासक त्यांवरून त्या काळचा हिशेब लावतात. डेटाबेसही तेच करतो. मूळ तक्त्याला हात लावण्याआधी 'मी अमुक बदल करणार आहे' अशी ओळ लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्की करतो. वीज गेली, तर उठल्यावर लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करतो आणि अर्धवट व्यवहार मागे फिरवतो.

१९९२ साली या पद्धतीचं सविस्तर शास्त्र 'एरीज' या नावाने प्रसिद्ध झालं. तो शोधनिबंध लिहिणाऱ्यांत पहिलं नाव सी. मोहन यांचं, मद्रासच्या आयआयटीत शिकून आयबीएममध्ये गेलेल्या संशोधकाचं. पुढच्या अनेक डेटाबेसांनी त्यातल्या कल्पना उचलल्या.

जिम ग्रेला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी आईची रक्षा समुद्रात सोडण्यासाठी तो सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच आपल्या शिडाच्या बोटीतून निघाला. परत आला नाही. तटरक्षक दलाने शोधलं, उपग्रहाची छायाचित्रं मागवली गेली, हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून त्या चित्रांचे तुकडे न्याहाळले. ना बोट सापडली, ना तो. काहीही हरवू नये म्हणून आयुष्यभर खपलेला माणूस असा हरवला. हे वाचल्यावर त्या रात्री मला झोप आली नव्हती.

एका डेटाबेसची दोन इंजिनं

आता माझ्या डेटाबेसकडे येतो. मायएसक्यूएल १९९५ च्या सुमाराला जन्माला आला. फिनलंडचा मायकेल विडेनियस, ज्याला सगळे मॉन्टी म्हणतात, आणि स्वीडनचे डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन हे त्यामागचे लोक. नावातलं 'माय' म्हणजे मॉन्टीच्या मुलीचं नाव. (धाकटीचं नाव मारिया. मारियाडीबी आला तो तिच्या नावाने.)

मायएसक्यूएलची खासियत अशी, की माहिती प्रत्यक्ष साठवायचं काम तो वेगवेगळ्या 'इंजिनां'कडे सोपवतो. सुरुवातीच्या काळात मायआयसॅम हे इंजिन चालायचं. हलकं, वेगवान, पण कीर्द न ठेवणारं. वीज गेली की टेबल मोडायचं आणि दुरुस्तीची आज्ञा द्यावी लागायची. भारनियमनाच्या दिवसांत मी ती आज्ञा किती वेळा दिलीय, याला मोजमाप नाही. प्रत काढायची, तर टेबलांना कुलूप लावायचं आणि फाइली उचलायच्या. तेवढा वेळ लिहिणाऱ्यांनी थांबायचं.

दुसरं इंजिन इनोडीबी. ते हेलसिंकीच्या हेइक्की तूरीने लिहिलं. यात कीर्द होती, पुरे व्यवहार होते. चालत्या डेटाबेसची अखंड प्रत काढणारं हॉट बॅकअप हे साधनही त्याच्या कंपनीने आणलं, पण ते विकत घ्यावं लागे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ऑरॅकलने ती कंपनीच घेतली. २००८ मध्ये सन या कंपनीने मायएसक्यूएल घेतलं आणि २०१० च्या जानेवारीत ऑरॅकलने सनलाच गिळलं. मोठे मासे आणि छोटे मासे, आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट.

दरम्यान मायएसक्यूएलमधून बाहेर पडलेल्या पीटर झाइत्सेव आणि वादिम त्काचेन्को यांनी २००६ साली पर्कोना ही कंपनी काढली. तिने पुढे एक्स्ट्राबॅकअप हे साधन सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्याची युक्ती मला फार आवडते. ते सहा पायांचं मांजर टाळत नाही. फाइली जशा मिळतील तशा, वेड्यावाकड्या उचलतं. पण ते चालू असताना शेजारी बसून कीर्दही उतरवून घेतं. नंतर वेड्यावाकड्या खतावणीवर ती कीर्द चालवली, की सगळी पानं एकाच क्षणाची होतात. वीज गेल्यावर सावरण्यासाठी शोधलेली विद्या अशी प्रत काढायला कामी आली.

२०१० च्या डिसेंबरमध्ये मायएसक्यूएल ५.५ आलं आणि न सांगता नवं टेबल केलं, तर ते इनोडीबीत होऊ लागलं. त्याआधी ते मायआयसॅममध्ये व्हायचं. वाचनालयाची टेबलं मी २००८ साली केली होती. ही तारीख लक्षात ठेवा.

पाच उपाय, एकही नाही

माझ्या फजितीनंतर पाचच महिन्यांनी, ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, गिटलॅब या कंपनीत जे झालं, ते वाचून मला जरा धीर आला. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम जिथे ठेवतात, अशी ही कंपनी. त्यांच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची सावली. सावली मागे पडली, म्हणून रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने तिच्यावरची माहिती पुसून नव्याने भरायचं ठरवलं. पुसायची आज्ञा दिली. क्षणात त्याच्या लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजच्या डम्पचा डबा रिकामा निघाला. डम्पचं साधन ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज चूक दाखवून थांबत होतं. ती चूक कळवणारे मेल पत्त्याच्या पडताळणीत अडकून नाकारले जात होते. क्लाउडवरचे डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी सुरूच केलेले नव्हते. एक एक करून दारं बंद होत गेली. शेवटी वाचवलं ते योगायोगाने. त्याच अभियंत्याने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी, चाचणीच्या सर्व्हरवर भरायला, हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता.

सहा तासांचं काम गेलं. कंपनीने ते लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, नंतर सगळी चूक लिहून जाहीर केली आणि त्या अभियंत्याचं नाव घेऊन त्याला चव्हाट्यावर मांडलं नाही. ते निवेदन मी छापून ठेवलंय. त्यांचा न पोचलेला मेल आणि माझा न गेलेला मेल, दोन्ही सख्खे भाऊ.

क्लोन

अलीकडे वाचनालयाला नवा संगणक मिळाला. मी मायएसक्यूएल ८ बसवलं, जुना डम्प त्यात भरला आणि ठरवलं, या वेळी बॅकअप नीट करायचा. २०१९ च्या जुलैमध्ये, ८.०.१७ या आवृत्तीत, मायएसक्यूएलने क्लोन नावाचं प्लगइन आणलं. खरं तर ते नव्या सर्व्हरला भराभर माहिती पुरवण्यासाठी केलेलं. पण चालू डेटाबेसची संपूर्ण प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढायलाही ते वापरता येतं.

बसवायला सोपं आहे. प्लगइनची फाइल सर्व्हरबरोबरच येते. एका ओळीची 'इन्स्टॉल प्लगइन' ही आज्ञा दिली, की ते जागं होतं. मग बॅकअपसाठी एक वेगळा वापरकर्ता केला आणि त्याला फक्त 'बॅकअप अ‍ॅडमिन' हा अधिकार दिला. ज्या फोल्डरमध्ये प्रत हवी, तो आधीपासून असता कामा नये, तो प्लगइन स्वतः बनवतं. त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा मात्र सर्व्हरला हवी. इथे मी तासभर अडकलो, कारण उबुंटूमधला अ‍ॅपआर्मर हा रखवालदार डेटाबेसला त्याच्या ठरलेल्या फोल्डरांबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. त्याच्या यादीत नवी जागा घातली आणि प्रत निघाली. आधी फाइली, मग मधल्या काळात बदललेली पानं, मग कीर्द. शेवटी स्थिती दाखवणाऱ्या टेबलात शब्द उमटला : पूर्ण.

पूर्वीचा मी इथेच थांबलो असतो.

या वेळी मी त्या प्रतीवर दुसरा सर्व्हर उभा केला, वेगळ्या पोर्टवर, आणि पुस्तकं मोजली. उत्तर आलं, शून्य. सभासद मोजले. शून्य. टेबलं होती, रकाने होते, रकान्यांची नावंही होती. आत काही नव्हतं.

हात गार पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. दहा मिनिटं गेल्यावर प्लगइनचं माहितीपत्रक पुन्हा उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की हे प्लगइन फक्त इनोडीबीतली माहिती नेतं. मायआयसॅमची टेबलं रिकामी नेली जातात. माझी टेबलं २००८ ची. डम्पच्या फाइलीत प्रत्येक टेबलाबरोबर त्याच्या इंजिनचं नावही लिहिलेलं असतं, त्यामुळे संगणक बदलले, आवृत्त्या बदलल्या, तरी ती मायआयसॅमच राहिली होती. एखादं जुनं घराणं गाव बदलूनही आडनाव तेच लावत राहतं, तसं. प्लगइन खोटं बोललं नव्हतं. त्याच्या दृष्टीने काम पूर्णच होतं. जीझिपच्या दृष्टीनेही होतं.

एकेका टेबलाचं इंजिन इनोडीबी केलं. पुन्हा क्लोन काढला, पुन्हा दुसरा सर्व्हर उभा केला, पुन्हा मोजलं. या वेळी दोन्हीकडचे आकडे जुळले. मग ती प्रत बाहेरच्या डिस्कवर नेली आणि एक पुण्याला माझ्याकडे, कारण एकाच डिस्कवरची प्रत डिस्कबरोबरच जाते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केला. स्वतःचे फोटो जपता जपता सुचलेला नियम आज बँकाही पाळतात.

महिन्याची पहिली तारीख

इतिहास वाचून मला एवढंच कळलं. ग्रे आणि मोहन यांच्यापासून क्लोनपर्यंत सगळ्यांनी प्रत कशी काढायची, ते उत्तम सोडवून ठेवलंय. पण प्रत परत येते का, हे कोणतंही साधन आपल्यासाठी ठरवत नाही. ते माणसाने उठून, उघडून पाहायचं असतं. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

म्हणून आता वाचनालयात एक रिवाज आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ताई बाहेरच्या डिस्कवरची प्रत दुसऱ्या जुन्या संगणकावर उभी करतात. मी करून दिलेलं एक बटण आहे, पण ते दाबतात त्याच. काका आता निवृत्त झालेत, तरी त्या दिवशी येतात. दाखल नोंदवही कुठेही उघडतात, डोळे मिटून एका ओळीवर बोट ठेवतात आणि मोठ्याने क्रमांक वाचतात. ताई तो टाइप करतात. पडद्यावर पुस्तकाचं नाव आलं, की काका नोंदवहीतल्या नावाशी ताडून पाहतात.

मागच्या महिन्यात मीही होतो. काकांना म्हटलं, "आता तरी वहीची गरज उरली नाही ना?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "अरे, मग ताडून कशाशी पाहू?"